आमची वाटचाल : आमराईतलं उन्हाळी शिबिर

सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणज्याच्या शिवारात एक जुनी आमराई आहे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमचं शिबिर तिथे भरतं. मुलं सकाळी पुण्याहून बसने येतात आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचतात. मुक्काम नसतो. दोरावरून सरकणं, कृत्रिम भिंतीवर चढणं, रेन डान्स यांतलं आमच्याकडे काहीच नाही. झाडं, माती, दगड, एक शेततळं आणि त्यांच्याकडे बघायला शिकवणारी माणसं, एवढ्या भांडवलावर आमचा व्यवसाय चालतो आणि आता बऱ्यापैकी चालतो. म्हणून ही वाटचाल लिहून काढावीशी वाटली.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. माझी भागीदार वनस्पतिशास्त्र शिकलेली. दोघी कोथरूडला राहायचो, त्यामुळे सुरुवात वेताळ टेकडीवर झाली. सोसायटीतली मुलं रविवारी सकाळी घेऊन जायचं आणि नाश्त्याच्या वेळेला परत आणायचं, इतकंच. पण त्या टेकडीने आम्हाला शिकवायची रीत दिली. तिच्या काही भागांत वनखात्याने लावलेलं गिरिपुष्प दाट माजलंय. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. बाकीच्या भागांत सालई, मोई, मेडशिंगी, हिवर अशी इथली झाडं टिकून आहेत. आम्ही मुलांना आधी गिरिपुष्पाखाली बसवायचो, मग सालईखाली, आणि दोन्हीकडे काय दिसलं, काय ऐकू आलं ते लिहायला सांगायचो. देशी झाड, परदेशी झाड हा विषय आम्ही तोंडाने कधी काढला नाही. दोन वह्यांची पानं शेजारी ठेवली की मुलंच प्रश्न विचारायची.

हळूहळू पालकच म्हणू लागले, उन्हाळ्याच्या सुटीत रोजचं काहीतरी करा ना ताई. रोजचं करायचं तर टेकडी पुरणार नव्हती. तिथे स्वच्छतागृह नाही, अकरानंतर सावली नाही, फिरायला येणाऱ्यांची वर्दळ. शिवाय ती सगळ्यांची जागा. आपण रोज तीस मुलं नेऊन बसवणं योग्य नव्हे, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

जागा शोधता शोधता अण्णांची आमराई मिळाली. रायवळ आंब्याची म्हातारी झाडं, मधे कातळाचा उघडा तुकडा, एका कडेला ओढा (उन्हाळ्यात कोरडा) आणि खालच्या अंगाला शेततळं. अण्णांनी भाडं वाजवी सांगितलं, पण अटी घातल्या. पालापाचोळा पेटवायचा नाही. सिमेंटचं बांधकाम करायचं नाही. आणि खाली पडलेला आंबा मुलांचा, झाडावरचा माझा. या तिन्ही अटी आम्ही भाडेकरारात शब्दशः लिहून घेतल्या. स्वच्छतागृहं पत्र्याची, उचलून नेता येतील अशी केली. पाण्याला माठ. पावसापाण्यासाठी एक पत्र्याची शेड. बस मिळायला अडचण आली नाही, कारण ज्यांच्या गाड्या शाळांना लागलेल्या असतात त्यांच्या गाड्या सुटीत उभ्याच असतात. चालक आणि बरोबरच्या मावशी दोघांनाही मुलांची सवय असते, हा मोठाच फायदा.

आता शिबिरात चालतं काय, ते सांगते.

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला चार खुंट्या आणि सुतळी मिळते. आमराईत कुठेही एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा. तो चौकोन दोन आठवडे त्याचा. रोज सकाळचा पहिला अर्धा तास तिथे बसायचं आणि काय बदललं ते वहीत लिहायचं किंवा काढायचं. वनस्पतींचे अभ्यासक जंगलात हेच करतात. पालकांना हे पटवायला वेळ लागतो. 'दोन आठवडे एकच चौकोन? कंटाळतील की हो!' हे वाक्य आम्ही दर उन्हाळ्यात ऐकतो. कंटाळतातही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हमखास कुरकुर होते, आणि आम्ही ती होऊ देतो. त्यानंतरच मुलं खाली वाकतात. मग कुणाला भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे दिसतात. काडीने एक कण आत ढकलला की तळातून माती उडते. तळाशी मुंगीसिंहाची अळी बसलेली असते. मुंगी घसरून आत आली की ती मातीचा मारा करून तिला खाली पाडते आणि जबड्यात धरते. हीच अळी पुढे पंख फुटून चतुरासारखी दिसू लागते. एखाद्या संध्याकाळी वळीव कोसळतो, सकाळी एकही खड्डा उरलेला नसतो आणि मुलं हिरमुसतात. माती वाळली की खड्डे पुन्हा तयार. आपल्या चौकोनात खड्डे परत आले हे सांगायला मूल धावत येतं. तो धावण्याचा वेग बघून आम्हाला कळतं की शिबिर लागू पडलं.

त्याच आमराईतला एक प्रसंग सांगते. कातळाच्या तुकड्यावर, खड्यांमध्ये, टिटवीने अंडी घातली. अंडी चार, मातकट, वर काळे डाग, टोकं आतल्या बाजूला वळवलेली. दोन पावलांवरूनसुद्धा दिसू नयेत अशी. आम्हाला ती सापडली टिटवीच्या ओरडण्यामुळे. ती डोक्यावरून झेपा घेत होती, म्हणजे घरटं जवळ आहे हे उघड होतं. एका मुलीने सांगितलं, टिटवी ओरडली की वाईट होतं असं आमची आजी म्हणते. माझी भागीदार म्हणाली, आपण तिच्या अंड्यांकडे निघालोय, तिच्या दृष्टीने वाईटच होतंय की! लगेच मुलांना मागे घेतलं, लांबून दोरी लावली आणि त्या दोरीच्या आत कुणीही जायचं नाही असं ठरलं. राखण मुलांनीच केली. मोठी मुलं छोट्यांना हाताला धरून वळसा घालून नेत.

मग दुर्बिणीतून बघायच्या पाळ्या लागल्या. ऊन चढलं की टिटवी उठायची, शेततळ्याच्या काठाला जायची, पोट पाण्यात बुडवायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसायची. का, हे आम्ही सांगितलं नाही. दोन दिवस तर्क चालले. अंघोळ करते, पाणी पिते, मासे शोधते. तिसऱ्या दिवशी चौथीतला एक मुलगा म्हणाला, 'ताई, ती अंडी गार करते.' उघड्या कातळावर उन्हात अंडी भाजून निघू नयेत म्हणून टिटवी खरंच असं करते, अभ्यासकांनी ते नोंदवलेलं आहे. पण या मुलाने ते स्वतः पाहून, जोडून काढलं होतं. अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. त्यामुळे पिल्लं पाहायचं भाग्य पुढच्या बॅचला मिळालं. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालू लागली आणि जागा रिकामी झाली. पहिल्या बॅचच्या मुलांना आम्ही फोटो पाठवले. त्यांच्या आयांचे फोन आले, मूल घरात सगळ्यांना पकडून पकडून दाखवतंय म्हणून.

मला शिबिरातून जे द्यायचं आहे ते हेच. शंभर गोष्टींची नावं मुलांना पाठ झाली नाहीत तरी चालेल. एका गोष्टीकडे इतका वेळ बघता आलं पाहिजे की ती स्वतःहून काहीतरी सांगू लागेल. त्यासाठी दिवसात रिकामा वेळ लागतो, आणि तो राखणं हेच आमचं मुख्य काम आहे.

सुरक्षिततेबद्दल पालक विचारतात, आणि विचारायलाच हवं. पुण्याचा पारा एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो, म्हणून चालणं, ओढ्यात उतरणं, कातळावरची कामं सगळी साडेनऊच्या आत. अकरानंतर फक्त आंब्याखाली. मधल्या वेळेत पन्हं, कोकम सरबत किंवा ताक, आणि पाणी तहान लागायची वाट न बघता ठरलेल्या वेळी. आठ मुलांमागे एक ताई किंवा दादा. बंद बूट सक्तीचे. या भागात फुरसं दगडाखाली असतं, म्हणून दगड उचलायचा तर मोठ्यांनी, काठीने, आणि आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे उघडं तोंड पलीकडे जातं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही मुलांना चित्रांवरून ओळखता येतात. साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, माणसाला हलू न देता थेट दवाखान्यात, हे आमच्या प्रत्येक माणसाला पाठ आहे. प्रतिसर्पविष कुठल्या रुग्णालयात आहे याची खात्री आम्ही दर हंगामाआधी स्वतः जाऊन करतो.

शेजारच्या वस्तीवरच्या मावशी पहिल्या वर्षी माठ भरायला म्हणून आल्या. आठवड्याभरात लक्षात आलं की या आमराईतलं आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. आता त्या आमच्या शिक्षिका आहेत आणि त्यांना मानधन ताई-दादांइतकंच आहे. पळसाच्या पानांचा द्रोण काड्यांनी कसा टाचायचा, वारा कुठून सुटला की वळीव येतो, कोणत्या करवंदाच्या जाळीची फळं आंबट, हे त्या दाखवतात. करवंद खायच्या आधी 'कोंबडा की कोंबडी?' विचारतात, मग ते फोडून बघायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. शहरातली आठ-नऊ वर्षांची मुलं या खेळाने इतकी हरखतात की घरी जाऊन आजी-आजोबांना विचारतात, आणि ते म्हणतात, अरे, हे तर आम्हीही खेळायचो.

मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. पुण्याला तेव्हा साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो. जुलैअखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. त्या एका दिवशी आम्ही मुलांना दुपारपर्यंत थांबवून घेतो. आधीचा आठवडाभर मुलांनी उभ्या काठीच्या सावलीचं टोक खड्यांनी मांडलेलं असतं, त्यामुळे सावली काठीच्या बुडाशी कशी गोळा होत गेली हे त्यांच्या डोळ्यांसमोर असतं.

2020 चा मार्च आला तेव्हा नावनोंदणी पूर्ण झाली होती. टाळेबंदी लागली. आम्ही पालकांना पैसे परत करायची तयारी कळवली. काहींनी घेतले, बऱ्याच जणांनी 'पुढच्या वर्षाला धरा' म्हणून सांगितलं. पुढचा उन्हाळाही तसाच गेला. अण्णांनी त्या काळातलं भाडं घेतलं नाही. मुलांना आम्ही रोज सकाळी फोनवर एक काम पाठवत होतो. गॅलरीतून दिसणारा एकच कावळा निवडा, भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप शोधा, असं. त्याची फी ठेवली नव्हती. पण 2022 ला शिबिर पुन्हा सुरू झालं तेव्हा बॅच भरायला आम्हाला जाहिरात करावी लागली नाही.

आता वर्षभर थोडं थोडं काम असतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असं आलं आणि शाळा चौकशी करू लागल्या. ते काम आम्ही घेतो, पण एका वेळी एकच वर्ग. दोनशे मुलं एकदम आणायची मागणी येते, ती नाकारतो. दुसरी शाखा काढा, नाव भाड्याने द्या, असेही प्रस्ताव आले. त्यांतला एकही घेतला नाही. पाच-सहा जणांचे पगार वेळेवर होतात, काही जागा वस्तीवरच्या मुलांसाठी विनाशुल्क ठेवता येतात, आणि ती मुलं बाकीच्यांसारखीच खुंट्या-सुतळी घेऊन बसतात. त्यापेक्षा मोठं व्हायचं तर चौकोन सोडावा लागेल, आणि तो आम्ही सोडणार नाही.

आजूबाजूच्या शिवारात फार्महाऊसचे प्लॉट पडत चाललेत. अण्णांकडेही माणसं येऊन जातात. म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलांसह बसून भाडेकरार लांब मुदतीचा करून घेतला. येत्या उन्हाळ्यापासून तेरा ते पंधरा वयाच्या मुलांची वेगळी बॅच सुरू करतोय. ती मुलं आमराईतल्या झाडांची पालवी, मोहर, फळं यांची नोंद आठवड्याला ठेवतील आणि सीझनवॉच या देशपातळीवरच्या नोंदवहीत भरतील. त्यांच्यासाठी दुर्बिणी घ्यायच्या आहेत. बहावा आणि ताम्हण फुलायच्या आत सुरुवात व्हावी म्हणून ही बॅच मार्चमध्येच, शनिवार-रविवार, सुरू होईल.