आमची वाटचाल : दगड, पेटी आणि शिल्पकाराचे नाव

हरारेमध्ये दगडी शिल्पे लाकडी पेट्यांत भरून परदेशी पाठवण्याचा आमचा छोटासा व्यवसाय आहे. एक शेड, दोन सुतार, भाड्याचा ट्रक आणि हिशेब सांभाळणारी माझी पत्नी, एवढाच त्याचा पसारा. मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीनिमित्त झिम्बाब्वेत आलो आणि २००९ मध्ये येथील व्यवहार परकीय चलनात होऊ लागल्यावर या कामात उतरलो. त्याआधीच्या महागाईत सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळपर्यंत टिकत नसे आणि पर्यटकही आटले होते, त्यामुळे शिल्पकारांना परदेशातील गिऱ्हाइकावाचून गत्यंतर नव्हते.

दगड ओळखायला मला गुरुवे भागातील एका ज्येष्ठ शिल्पकारांनी शिकवले. इथल्या रीतीने आम्ही त्यांना सेकुरु, म्हणजे आजोबा, अशी हाक मारतो. पावसाळ्यात ते मक्याच्या शेतात असतात आणि कोरडा हंगाम लागला की झाडाखाली दगड मांडतात. कागदावर आराखडा काढण्याची त्यांची पद्धत नाही. दगडाभोवती बराच वेळ फिरून, त्याची शीर कुठे जाते ते पाहून मगच ते छिन्नी लावतात. स्प्रिंगस्टोन हा तिथला कठीण, काळसर सर्पेंटाइन (कोरीवकामाला वापरला जाणारा एक दगड) असून त्याच्यावर गंजाच्या रंगाची साल असते, आणि सेकुरु ती बाईच्या केसांसाठी किंवा वस्त्रासाठी मुद्दाम शिल्लक ठेवतात. कानस मारून झाल्यावर पाणी घालत घालत पॉलिश पेपरने घासायचे काम घरातील मुले करतात. शेवटी शिल्प विस्तवाजवळ तापवून त्यावर मेण चढवले की राखाडी दिसणारा दगड एकदम गडद होतो. घासलेला भाग आणि न घासलेला भाग यांच्यातील हा फरक हीच या कलेची खरी गंमत आहे, असे माझे मत आहे.

गुरुवेजवळचे तेंगेनेंगे हे गाव या कलेच्या इतिहासात मोठे आहे. टॉम ब्लोमफिल्ड या तंबाखू शेतकऱ्याने १९६६ मध्ये, ऱ्होडेशियावरील (झिम्बाब्वेचे तेव्हाचे नाव) निर्बंधांमुळे तंबाखूचा धंदा बसल्यावर, आपल्या जमिनीवरील दगड मजुरांना कोरायला दिला. त्या मजुरांत मलावी, अंगोला आणि मोझांबिकहून आलेले पुष्कळ होते, त्यामुळे सगळ्यांना सरसकट ‘शोना शिल्पकार’, म्हणजे झिम्बाब्वेतील बहुसंख्य शोना समाजाचे शिल्पकार, म्हणणे मला पटत नाही. त्याआधी देशाच्या पूर्वेला न्यांगाकडे जोराम मारिगा यांनी कोरायला सुरुवात केली होती, आणि १९५७ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय कलादालनाचे पहिले संचालक फ्रँक मॅकइवन यांनी अशा कलावंतांना जगापुढे आणले. पोलिसात नोकरी करता करता कोरणारे निकोलस मुकोम्बेरान्वा त्यांतलेच. त्यांची मुलेही पुढे शिल्पकार झाली.

आमचे काम मात्र वजनाचे आहे. एक घनफूट सर्पेंटाइन सुमारे ७० ते ७५ किलो भरतो, आणि नाक किंवा बोटे यांसारखे पुढे आलेले भाग धक्क्याने तुटतात. म्हणून शिल्पाचा भार तळाने पेलावा अशी बैठक आधी सुताराकडून करून घेतो, नाजूक भागाभोवती मोकळी जागा ठेवतो आणि मगच पेटी बंद करतो. बराचसा माल सीमेवरील मुतारे शहरामार्गे मोझांबिकमधील बैरा बंदराला जातो.

प्रत्येक पेटीत आम्ही शिल्पकाराचे नाव, गाव आणि दगडाचा प्रकार लिहिलेला कागद ठेवतो. परदेशातील एका दुकानदाराने हा कागद नको, शिल्पे दुकानाच्या नावाने विकायची आहेत, असे कळवले, तेव्हा आम्ही ती मागणी नाकारली आणि ते गिऱ्हाईक गेले. रस्त्याकडेच्या बाजारात बिननावाच्या नकला मूळ कामाच्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि त्या स्वस्त असल्याने भाव पाडतात. शिल्पकाराचे नाव माहीत असलेला ग्राहक मात्र दुसऱ्या वेळी त्याच्याकडेच मागणी नोंदवतो. सेकुरुंना आता अशा मागण्या येतात. आम्ही त्यांना मालाची निम्मी रक्कम पेटी निघण्यापूर्वी देतो, आणि उरलेली रक्कम गिऱ्हाइकाचे पैसे जमा होताच, कारण पुढचा दगड खाणीतून आणायचा खर्च त्यांनाच करावा लागतो.