वॉलेट जोडताना संगणक परका मानावा

एक्सचेंजवर, म्हणजे आभासी चलनाच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर, पडून राहिलेले थोडे बिटकॉइन मी अलीकडेच स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये, म्हणजे केबलने संगणकाला जोडायच्या एका छोट्या यंत्रात, हलवले. जाणकार माणसाने हे काम तासाभरात उरकले असते. मी त्याला तीन संध्याकाळी दिल्या आणि त्यांतली पहिली तर केबल हातात न घेताच संपली. माझ्या धाकट्या बहिणीला हा अतिरेक वाटला. तिचे म्हणणे असे की, लॅपटॉपवर चांगला अँटीव्हायरस आहे, घरचे वाय-फाय आहे, मग यंत्र जोडायला भीती कसली? तिला तोंडी दिलेले उत्तर अपुरे राहिले, म्हणून ते येथे नीट मांडत आहे.

मुळात वॉलेट हा शब्दच थोडा फसवा आहे. यंत्राच्या आत नाणी नसतात. ती ब्लॉकचेन या सामायिक सार्वजनिक नोंदवहीतल्या नोंदींत असतात, आणि यंत्रात असते ती त्या नोंदी हलवण्याचा अधिकार देणारी खाजगी किल्ली. संगणकावरचे अ‍ॅप व्यवहाराचा मसुदा तयार करून केबलमधून यंत्राकडे पाठवते, यंत्र तो आपल्या छोट्या पडद्यावर दाखवते, आणि आपण बटण दाबून होकार दिला की आतल्या आत सही करून केवळ ती सही संगणकाला परत करते. किल्ली बाहेर येत नाही. समोरचा संगणक बाधित असू शकतो हे गृहीत धरूनच ही सगळी रचना केलेली आहे, त्यामुळे अँटीव्हायरस असला तर उत्तमच, पण आपली भिस्त त्याच्यावर नसते.

मी घेतलेले यंत्र चेक प्रजासत्ताकातील ट्रेझर कंपनीचे सेफ ३ हे होते. ते कोणाकडून घ्यावे, याचा विचार करताना कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले एक प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर होते. एका ग्राहकाने घेतलेल्या ट्रेझर मॉडेल टी यंत्राच्या ताब्यातले १.३३ बिटकॉइन नाहीसे झाले, आणि तेही यंत्र संगणकाला जोडलेले नसताना. खोके शाबूत होते, होलोग्रामचे स्टिकर जागच्या जागी होते. यंत्र उघडल्यावर मात्र आतली चिप बदललेली आढळली. खऱ्या यंत्राचे दोन भाग अल्ट्रासॉनिक पद्धतीने जोडलेले असतात, येथे ते गोंद आणि दुहेरी चिकटपट्टीने बसवले होते. हे यंत्र नवे सीड, म्हणजे ज्यावरून किल्ली तयार होते तो शब्दांचा संच, तयार केल्याचे नाटक करून आधीच ठरवून ठेवलेल्या २० सीडपैकी एक दाखवत असे, त्यामुळे चोराला किल्ली पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. अशा यंत्रापुढे पुढची कोणतीही खबरदारी लंगडी पडते. म्हणून काही रुपये वाचवण्यासाठी ऑनलाइन बाजारातल्या अनोळखी विक्रेत्याकडून किंवा कोणाचे वापरलेले यंत्र घेण्याचा विचार मी सोडून दिला.

पहिली संध्याकाळ अ‍ॅप मिळवण्यात गेली. सर्च इंजिनमध्ये नाव टाकून वरची जाहिरात उघडण्याऐवजी मी उत्पादकाचा पत्ता अक्षर-अक्षर स्वतः टाइप केला, आणि उतरवलेल्या फाइलची डिजिटल सही उत्पादकाने त्यासाठीच जाहीर केलेल्या सार्वजनिक किल्लीशी ताडून पाहिली. हे कंटाळवाणे वाटेल, पण एप्रिल २०२२ मध्ये काय घडले ते आठवावे. मेलचिंप या ईमेल सेवेतून पत्ते चोरीला गेले आणि ट्रेझरच्या ग्राहकांना ‘आमच्याकडे सुरक्षाभंग झाला आहे, नवे अ‍ॅप ताबडतोब उतरवा’ असा संदेश आला. दिलेल्या दुव्यात कंपनीचे नाव बरोबर दिसत होते. फक्त त्यातल्या ‘ई’ या रोमन अक्षराखाली एक बारीक टिंब होते. ते टिंब पडद्यावरच्या धुळीसारखे दिसते. त्या दुव्यावरचे बनावट अ‍ॅप खऱ्यासारखेच उघडत असे आणि मग सीडचे शब्द मागत असे.

केबलबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. घरातल्या पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही, आणि यंत्र ‘सापडत नाही’ म्हणून माणूस उगाच धास्तावतो. सोबत आलेली केबल, हब न वापरता थेट लॅपटॉपला, एवढे पुरते. लिनक्स वापरणाऱ्यांना यंत्र ओळखले जाण्यासाठी यूडेव्हचे, म्हणजे जोडलेली यंत्रे हाताळणाऱ्या प्रणालीचे, नियम बसवावे लागू शकतात.

ट्रेझरची नवी यंत्रे फर्मवेअरशिवाय, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरशिवाय, येतात आणि ते पहिल्या जोडणीच्या वेळी बसवले जाते. जे यंत्र आधीच तयार, पिन ठरवलेले किंवा शब्द छापलेल्या कार्डासह आले असेल, ते वापरू नये. पिन मी यंत्रावरच टाकला. ठरावीक वेळा तो चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकते.

खरा जपण्याचा भाग म्हणजे सीडचे ते शब्द. यंत्र १२, २० किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवते, आणि ज्याच्या हाती ते शब्द, त्याच्या हाती सगळे. त्याला ना यंत्र लागते ना पिन. मी ते पेन्सिलीने कागदावर उतरवले आणि त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. फोटो काढला असता तर तो काही क्षणांत क्लाउडवर गेला असता, आणि मग एवढे महागडे यंत्र घेण्यात अर्थ उरला नसता. शब्द की-बोर्डवर टाइप करायचे नाहीत, छापायचे नाहीत, मोठ्याने वाचायचेही नाहीत. येथे एक अपवाद नोंदवायला हवा. जुन्या ट्रेझर मॉडेल वनमध्ये वॉलेट परत मिळवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत शब्द संगणकावरच लिहावे लागतात, पण कितवा शब्द लिहायचा हे यंत्राचा पडदा सांगतो आणि तो क्रम विस्कटलेला असतो. क्रम संगणकाला कळत नाही, हीच त्यातली राखण. क्रमवार शब्द मागणारे अ‍ॅप मात्र चोराचेच समजावे.

दुसऱ्या संध्याकाळी मी अगदी किरकोळ रक्कम मागवली. बिटकॉइनचा माझा पत्ता ४२ अक्षरांचा होता. क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागेवर, पाळत ठेवणारे विषाणू चिकटवण्याच्या क्षणी पत्ता बदलतात, आणि काही ठग पहिली व शेवटची अक्षरे जुळणारे पत्ते मुद्दाम तयार करतात. त्यामुळे एक्सचेंजच्या पानावर चिकटवलेला पत्ता मी यंत्राच्या पडद्याशी मधल्या अक्षरांसह ताडला. रक्कम आल्यावर यंत्र पूर्ण पुसले आणि कागदावरच्या शब्दांवरून, यंत्राच्याच बटणांनी, पुन्हा उभे केले. एक शब्द मला माझ्याच अक्षरात वाचता येईना, ही गोष्ट मोठी रक्कम हलवण्यापूर्वी उघड झाली हे बरे.

बहिणीला पटले ते मात्र यातल्या कशाने नव्हे, तर १८ जुलै २०२४ च्या घटनेने. वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून त्या दिवशी सुमारे २३.५ कोटी डॉलरची चोरी झाली. सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट्स होती. पण एक्सचेंजच्या प्राथमिक निवेदनानुसार संगणकाच्या पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार वेगळे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले तेव्हाही वेबपानावर नेहमीचे हस्तांतरण दिसत होते आणि सही मात्र वॉलेटचा ताबाच दुसऱ्याकडे देणाऱ्या व्यवहारावर झाली. दोन्ही वॉलेट्स इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनची होती, आणि तेथे गुंतागुंतीचा व्यवहार यंत्राच्या छोट्या पडद्यावर बरेचदा न वाचता येणाऱ्या आकड्यांच्या रूपात उमटतो. त्याला आंधळी सही, ब्लाइंड सायनिंग, म्हणतात.

साध्या बिटकॉइन व्यवहारात रक्कम, पत्ता आणि शुल्क या तिन्ही गोष्टी यंत्रावर स्पष्ट वाचता येतात. तिसऱ्या संध्याकाळी उरलेले बिटकॉइन आल्यावर मी बहिणीला शेजारी बसवून थोडी रक्कम माझ्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवली. लॅपटॉप तिच्याकडे वळवून ठेवला होता. तिने यंत्राच्या पडद्यावरून पत्ता मोठ्याने वाचला, मी तो कागदावर टिपलेल्या पत्त्याशी जुळवला, आणि मगच बटण दाबले.