जेवणानंतरचं औषध

गच्चीवरच्या कंपोस्टच्या ड्रमचं झाकण काढलं की अधूनमधून वरच्या थरावर राखाडी-पांढरी भुकटी पसरलेली दिसते. पालापाचोळ्यावर, केळीच्या सालींवर, नारळाच्या शेंड्यांवर. शेजारच्या काकूंचं निदान ठरलेलं असतं: "बुरशी धरली गं, ओतून दे सगळं." काकूंचा दोष नाही. शास्त्रज्ञही कितीतरी वर्षं हिला बुरशीच्याच नात्यातली समजत होते. धागे तसेच, त्यावर बीजाणूंची पूडही तशीच. पण ते जिवाणू आहेत, ॲक्टिनोमायसीट कुळातले. ड्रम आतून तापला आणि सोपं सोपं अन्न संपत आलं, की कठीण माल चघळायला ही मंडळी वर येतात. ती आली म्हणजे खत बरं चाललंय असं मी धरून चालते, आणि काकूंना चहा विचारते.

याच कुळात स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू आहेत. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, आणि ते सोडतात हेच जिवाणू. त्या वासावर मराठीत इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालणार नाही. एवढंच सांगते की लाख कोटी भागांत त्याचे जेमतेम पाच-दहा भाग असले तरी आपलं नाक ते पकडतं, आणि तो वास आपल्यासाठी मुळीच सोडलेला नसतो. मातीत स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे इवलेसे जीव असतात. ते त्या वासाच्या मागावर येतात, जिवाणू खातात आणि बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पोचवतात. हे 2020 साली कळलं. म्हणजे कवी मंडळी इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावची पत्रं वाचत होती.

मला मात्र वासापेक्षा औषधाचं जास्त कुतूहल आहे. डॉक्टरांनी दिलेल्या पाकिटावर केमिस्ट पेनानं खुणा करतो: सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. अँटिबायोटिक म्हटलं की बहुतेक वेळा 'उपाशीपोटी घेऊ नका' हे आलंच. आणि यातली निम्म्याहून अधिक नैसर्गिक अँटिबायोटिक्स ज्या कुळानं आपल्याला दिली, ते कूळ ती बनवतं जेवण संपल्यावर. पोटभर खायला मिळत असेल तोवर ते औषधाचं नावही काढत नाही.

त्याचा संसार असा: बीजाणू रुजतो, धागे फुटतात, धागे मातीत पसरत खात सुटतात. एका जागी रोवलेला जीव, उठून दुसरीकडे जाता येत नाही. अन्न संपलं की काय करायचं? तो आपलेच जुने धागे विरघळवतो आणि त्या रसावर हवेत नवे धागे उभे करतो. त्यांच्या टोकाला बीजाणूंच्या माळा धरतात. पण आपलंच शरीर असं उघड्यावर विरघळवायला काढलं की आजूबाजूच्या भुकेल्यांना आयतं ताट वाढल्यासारखं होणार. नेमक्या त्याच वेळी अँटिबायोटिक बाहेर पडतं. मातीत त्याचं प्रमाण फार थोडं असतं, त्यामुळे ते हत्यार की शेजाऱ्यांना दिलेला निरोप, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला दोन्ही पटतं. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये ठेवलेली कुंडीसुद्धा दोन्ही असते.

पण अन्न संपलं हे त्याला कळतं कसं? नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली यातला एक धागा उलगडून दाखवला. जिवाणूच्या भिंतीत एन-ॲसिटिलग्लुकोसामीन नावाची एक साखर असते. जुने धागे विरघळायला लागले की ती सुटी होते. पेशीत डॅसआर नावाचं एक प्रथिन अँटिबायोटिकच्या जनुकांना दाबून बसलेलं असतं. या साखरेपासून झालेला पदार्थ त्याला चिकटला की त्याची पकड सुटते आणि काम सुरू होतं. यातली खरी गंमत पुढेच आहे. आजूबाजूला सुबत्ता असताना हीच साखर मिळाली, तर जिवाणू उलट वागतो: वाढत राहतो, औषधबिवषध काही नाही. निरोप तोच, पण त्याचा अर्थ परिस्थिती पाहून. फॉस्फेट भरपूर असलं तरी तो असाच गप्प राहतो.

भूक लागली तरी एकट्यानं सुरुवात करायची नसते. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ खोखलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियसमध्ये ए-फॅक्टर नावाचा एक छोटा रेणू शोधला. स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा तो हाच ग्रिसियस. तो रेणू बनवू न शकणारे जिवाणू औषधही करत नव्हते आणि बीजाणूही. बाहेरून चिमूटभर टाकला की दोन्ही सुरू. चिमूटभर हीसुद्धा अतिशयोक्तीच, कारण लिटरभर द्रवात मायक्रोग्रॅमचा पाव हिस्सा पुरतो. गावाकडच्या पंगतीत पानं वाढून होतात, वरणभातावर तुपाची धार पडते, तरी कुणी घास उचलत नाही. कुणीतरी खड्या आवाजात 'पार्वतीपते' म्हणतं, सगळे 'हर हर महादेव' करतात आणि मग चारी बाजूंनी भुरके ऐकू येतात. ए-फॅक्टर हा तसा पुकारा आहे. प्रत्येक धागा थोडा थोडा सोडत असतो. गर्दी जमली की तो पुरेसा साठतो.

पुढची साखळी टोकियोतल्या होरिनोउची आणि बेप्पू यांनी कडी कडी करून जोडली. ए-फॅक्टर आर्पा या पहारेकरी प्रथिनाला चिकटतो, आर्पा डीएनएवरून उठतो, त्यामुळे ॲडपा हे पुढचं प्रथिन जागं होतं, ते स्ट्रआर या तिसऱ्याला उठवतं आणि स्ट्रआर स्ट्रेप्टोमायसिनचा अख्खा कारखाना चालू करतो. आपल्या सरकारी फाइलला शोभावी इतकी टेबलं, फक्त इथे फाइल पुढे सरकते. आणि यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट: स्ट्रआरसोबतच, एकाच फटक्यात, स्वतःला वाचवणारं जनुकही चालू होतं. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूंच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवर घाव घालतं आणि ग्रिसियसच्या अंगातही तेच रायबोसोम आहेत. म्हणून तो औषधाला फॉस्फेटची टोपी घालून निष्क्रिय रूपातच पेशीबाहेर धाडतो. टोपी बाहेर गेल्यावर उतरते.

हे औषध 1943 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाच्या तळघरात अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याच्या हाती लागलं. त्यानं वेगळा काढलेला एक जिवाणू भरपूर शेणखत घातलेल्या मातीतला होता, दुसरा कोंबडीच्या घशातला. क्षयरोगावर चाललेलं ते पहिलं अँटिबायोटिक. 1952 चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना, म्हणजे त्याच्या मार्गदर्शकांना मिळालं. त्याआधी शॅट्झ कोर्टात गेला होता आणि तडजोडीत सहसंशोधक म्हणून त्याला मान्यताही मिळाली होती. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यातलं श्रेयाचं भांडण कुठल्याही विद्यापीठाच्या कँटीनमध्ये समजावून सांगावं लागत नाही.

आमच्याकडे हा सगळा विषय पिंपरीत राहतो. 'एचए' म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. 1954 साली उभी राहिलेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपन्यांमधली पहिली. पेनिसिलिन तर तिथे झालंच, पण ते बुरशीचं. माझा जीव अडकतो तो हॅमायसिनमध्ये. डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे शोधलेलं हे बुरशीविरोधी औषध, आणि ते बनवणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंपरीना! कोल्हापुरी चप्पल, नागपुरी संत्री, पिंपरीचा जिवाणू. पिंपरी-चिंचवडच्या स्वागतकमानीवर हे का लिहीत नाहीत मला समजत नाही.

अशा कारखान्यांतलं कसब पाहिलं तर ते उपाशी ठेवण्याचं कसब आहे. मोठाल्या टाक्यांमध्ये आधी जिवाणूला वाढू द्यायचं, मग साखर सावकाश सोडायची, फॉस्फेट आखडतं ठेवायचं. पुरता उपाशी मारायचा नाही आणि तृप्तही होऊ द्यायचा नाही.

प्रयोगशाळेनं बराच काळ तृप्त ठेवण्याचीच चूक केली असं आता म्हणायला हवं. स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर हा निळा रंग सोडणारा जिवाणू डेव्हिड हॉपवुड यांनी 1954 पासून अभ्यासाला घेतला होता. 2002 मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचून झाला, तर 7,825 जनुकं निघाली. माणसाकडे वीस हजारांच्या आसपास असतात, हे लक्षात घ्या. त्यात अशा खास रसायनांच्या वीसहून जास्त कृती लिहिलेल्या होत्या. इतक्या दशकांच्या ओळखीत त्यानं त्यातल्या मोजक्याच करून दाखवल्या होत्या. बाकीच्या जनुकांना 'मूक' म्हणतात. त्यांना बोलतं करायला आता नाना उपाय चालतात: परक्या जिवाणूच्या शेजारी वाढवून बघ, ती भिंतीतली साखर देऊन बघ, पहारेकरी प्रथिनच काढून टाक.

लायडनमधूनच 2020 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. याच निळ्याच्या एका वसाहतीत सगळे सारखे नसतात. काहींच्या गुणसूत्राचा मोठा तुकडा गळून पडतो; ते औषध भरपूर करतात, पण त्यांना बीजाणू फारच कमी धरतात. वसाहतीला औषध मिळतं, त्यांचा वंश मात्र खुंटतो. यावर 'त्याग' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मग आठवलं की तुकडा अपघातानंच गळतो आणि कुणीही कुणाला विचारलेलं नसतं. काकूंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "एकत्र कुटुंबात हेच चालायचं."