नाव झाकलेला तक्ता

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील एका संघाच्या कार्यालयात मी आकडेवारीचे काम करतो. जूनमधील ड्राफ्टच्या, म्हणजे संघ दोन फेऱ्यांत पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमाच्या, आधीचे दोन महिने आमच्याकडे अक्षरशः लगीनघाई असते. मे 2022 मध्ये शिकागोतील कम्बाइन, म्हणजे उमेदवारांच्या मोजमापांचे आणि चाचण्यांचे शिबिर, आटोपून सगळे परतले, तेव्हा आमच्या प्रमुखांनी माझ्याकडे एक निराळाच तक्ता मागितला. त्यात चौदा खेळाडूंचे वय, उंची, पसरलेल्या हातांची लांबी, शूटिंगची टक्केवारी आणि चेंडू गमावण्याचे प्रमाण हवे होते. नाव नको होते आणि कॉलेज तर मुळीच नको होते.

तो कागद आमच्या ज्येष्ठ स्काउटांपुढे, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्या गृहस्थांपुढे, ठेवला. तीस वर्षे त्यांनी देशभरातील जिम पालथी घातली आहेत, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरूनही तीन-चार मुले त्यांनी ओळखलीच. उरलेल्यांना पेन्सिलीने क्रम देताना त्यांनी ‘खेळाडू 9’ याला तिसरा क्रमांक दिला. संध्याकाळी नावे उघड झाली आणि हा मुलगा एका लहान कॉन्फरन्समधील (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातील), फारसे कोणी नाव न घेणाऱ्या कॉलेजचा निघाला. स्काउटांनी काही न बोलता खोडरबर उचलला, तीन पुसून तिथे आठ लिहिले आणि कागदावरचा चुरा हाताने झटकला.

मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी पुढे एनबीएत मोठा खेळाडू ठरलेल्या डेव्हिन बुकरचे उदाहरण दिले. 2014-15 च्या हंगामात केंटकी या नामांकित कॉलेजकडून बुकर बेंचवरून मैदानात उतरत असे आणि सामन्यामागे त्याचे जेमतेम दहा गुण होत, तरीही 2015 च्या ड्राफ्टमध्ये तो तेराव्या क्रमांकावर निवडला गेला. त्या संघातील सहा जण त्या वर्षी निवडले गेले. म्हणजे बुकर रोजच्या सरावात ज्यांच्याविरुद्ध खेळत होता, तसे प्रतिस्पर्धी लहान कॉलेजच्या मुलाला अख्ख्या हंगामातही क्वचितच भेटतात. त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. कॉलेजचे नाव हा नुसता दिमाख नसतो, त्यात माहितीही असते.

मात्र त्याच नावावर उधारीही मिळते. 2006 च्या ड्राफ्टपासून अमेरिकी मुलांना शाळेनंतर किमान एक वर्ष थांबावे लागते. मोठ्या कॉलेजातील मुलगा तेवढ्या एका वर्षात, बऱ्याचदा केवळ पुढे काय करील या भरवशावर, पहिल्या फेरीत जातो. लहान कॉलेजच्या मुलाला सगळा व्यवहार रोखीने करावा लागतो. पुढे एनबीएत गाजलेल्यांपैकी डेव्हिडसन या लहान कॉलेजमध्ये स्टीफन करी तीन वर्षे खेळला, तशाच वेबर स्टेटमध्ये डेमियन लिलार्ड चार आणि लिहायमध्ये सीजे मॅकॉलम चार. तिघेही पहिल्या दहांत निवडले गेले, पण तोवर त्यांच्या नावावर गुणांचा डोंगर उभा होता. शिवाय मॅकॉलमच्या संघाने 2012 मध्ये साक्षात ड्यूकला, या खेळातील एका बलाढ्य कॉलेजला, हरवले होते आणि त्या सामन्यात त्याचे एकट्याचे 30 गुण होते. (पुण्यातील माझ्या पहिल्या मुलाखतीत, सांगलीकडच्या माझ्या कॉलेजचे नाव ऐकताच समोरच्या गृहस्थांनी पुढच्या उमेदवाराचा कागद ओढला होता, हे मला त्या संध्याकाळी उगाचच आठवले.)

रात्री मी माझे मॉडेल, म्हणजे आकड्यांवरून ड्राफ्टच्या सगळ्या उमेदवारांना क्रम देणारे गणित, उघडले. प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीनुसार आकडे जुळवून घेणे रास्तच होते. पण त्याखेरीज ‘या कॉलेजातून याआधी किती जण निवडले गेले’ असा आणखी एक रकाना मीच पूर्वी घातला होता आणि तो मॉडेलचा अंदाज नेमका ठरतो म्हणून त्याचा मला अभिमानही होता. आता पाहतो तर लहान कॉलेजचा मुलगा दोनदा दंड भरत होता. आणि तो रकाना अचूक वाटत होता, कारण पूर्वीच्या निवडीही नाव पाहूनच खोडरबर उचलणाऱ्या आमच्यासारख्यांनीच केल्या होत्या. रकाना काढताच मॉडेलच्या यादीत खेळाडू 9 एकतिसाव्यावरून बाविसावा झाला. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण पहिल्या फेरीतील तीस जणांना किमान दोन वर्षांच्या पगाराची हमी असते आणि दुसऱ्या फेरीत तशी कोणतीही हमी नसते.

दुसऱ्या दिवशी मी चूक कबूल करून सुधारित यादी दिली. प्रमुखांनी ती वाचली, स्काउटांनी खेळाडू 9 चे आणखी दोन सामने मागवून पाहिले आणि आठचे सहा केले. 23 जूनला ब्रुकलिनमध्ये ड्राफ्ट झाला, तेव्हा आमच्या पाळीला आम्ही एका नामांकित कॉलेजचा मुलगा घेतला. खेळाडू 9 चे नाव दुसऱ्या फेरीत, चाळिशी उलटल्यावर पुकारले गेले. त्याला दुसऱ्याच संघाने घेतले होते.