तुम्ही विचारलेत म्हणून: विंच घरीच का बसवली

"पुण्यात गॅरेजांना काय तोटा आहे? मग एटीव्हीची विंच तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून स्वतःच्या हाताने का बसवलीत?" एटीव्ही म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी, मोटरसायकलसारखे हँडल असलेली चारचाकी, आणि विंच म्हणजे तिच्या पुढे बसवायचे, रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र. हा प्रश्न मला मेव्हण्याने, सोसायटीच्या सचिवांनी आणि नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराने विचारला आहे, आणि ज्यांना विंच म्हणजे काय हे ठाऊक नाही अशांनीही विचारला आहे. सचिवांना मी हौस म्हणून सांगितले, दुकानदाराला पैसे वाचतात म्हणून सांगितले आणि मेव्हण्याला सांगितले की निवृत्तीनंतर वेळ जात नाही. ही तिन्ही उत्तरे खोटी होती. क्रिम्पिंग टूल, टॉर्क रेंच आणि मल्टिमीटर यांचा खर्च कोणत्याही गॅरेजच्या मजुरीहून अधिक झाला, तेव्हा पुणेकर आहे म्हणून चिकटपणा केला असणार, हा तर्कही टिकत नाही. वॉरंटीचे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की ती गेली तर गेली.

एटीव्ही आमच्या मुळशीच्या शेतावर असते. वरच्या खाचरांपर्यंत रोपांचे भारे आणि खताची पोती नेण्यासाठी ती घेतली, हे आता सर्वांना माहीत आहे. तिची नोंदणी नाही आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ती कोथरूडला आणली ती छोट्या हत्तीत चढवून. हे सचिवांसाठी पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

आता खरे उत्तर. लोकांना विंच म्हणजे गाडीच्या नाकावरचे एक रीळ, त्यावरचा दोर आणि हँडलवरचे बटण इतकेच दिसते. मलाही तेवढेच दिसत होते. प्रत्यक्षात बारा व्होल्टची ती मोटर पूर्ण ओढीला शंभर अँपिअरहून अधिक वीज खेचते, आणि गाडीचा स्टेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारा भाग, त्यातला थोडासाच भाग पुरवू शकतो. उरलेली सगळी बॅटरीतून जाते. एवढा प्रवाह हँडलवरच्या बटणातून नेता येत नाही. म्हणून बॅटरीपासून जाड केबल निघते ती कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे विजेने चालणाऱ्या एका दणकट स्विचमध्ये, जाते आणि तिथून मोटरला. बटण फक्त एका बारीक तारेने त्या कॉन्टॅक्टरला मिट, म्हणजे वीज जोड, किंवा उघड, म्हणजे तोड, अशी आज्ञा देते. बटण सोडले की कॉन्टॅक्टर उघडतो आणि मोटर थांबते. उघडला तर.

पहिली विंच मी शहरातल्या एका गॅरेजमधून बसवून घेतली होती. त्या जुलैत चिखलणी झालेल्या खाचराच्या कडेला, बांध ढासळून, गाडी आसापर्यंत रुतली. आमचे वाटेकरी आप्पा सोबत होते. वरच्या बाजूच्या ऐनाच्या बुंध्याला पट्टा गुंडाळून त्यात हुक अडकवला, आणि गाडी कुरकुर न करता वर आली. मी मनातल्या मनात विंचेच्या किमतीचे समर्थन करून टाकले, हेही कबूल करतो. मग दोर परत गुंडाळायचा राहिला. तो सैल गुंडाळला तर पुढच्या ओढीला वरचा थर खालच्या थरांत रुतून बसतो, म्हणून कोणीतरी हुक हातात धरून थोडा ताण ठेवत गाडीकडे चालत यावे लागते. आप्पांनी हुक धरला. मी हँडलपाशी उभा राहून बटण दाबत होतो आणि सोडत होतो.

एका वेळी मी बटण सोडले आणि ड्रम फिरतच राहिला.

प्रथम मला वाटले की अंगठा अजून बटणावर आहे. तो नव्हता. मी उलट दिशेचे बटण दाबले, काही झाले नाही. मग चावी बंद केली. इंजिन थांबले, आणि विंचेचा आवाज त्या शांततेत आणखी मोठा ऐकू आला, कारण चावीचा संबंध बारीक तारेशी होता आणि जाड केबल थेट बॅटरीला जोडलेली होती. आप्पांनी हुक सोडायला हवा होता, असे मला पुष्कळांनी घरात पंख्याखाली बसून सांगितले आहे. त्यांच्या हातात चिखलाने जड झालेला मोजा होता, बोटे हुकाच्या वळणात होती आणि त्यांची नजर दोरावर नव्हती, माझ्याकडे होती; मी थांबवीन असे त्यांनी गृहीत धरले होते. हुक येऊन फेअरलीडच्या, म्हणजे दोर ज्यातून ड्रमवर येतो त्या चौकटीच्या, रोळांवर आदळला आणि मधे त्यांची दोन बोटे सापडली.

मोटर अडकून गुरगुरत राहिली आणि जळका वास येऊ लागला. सीट उचलून बॅटरीच्या टर्मिनलचा बोल्ट पक्कडीने फिरवून तार उपटली तेव्हा ती थांबली. पण थांबली म्हणजे सुटली नाही. दोरावर ताण असताना विंचेचा क्लच, म्हणजे ड्रमला मोटरपासून सोडवणारा खटका, मोकळा होत नाही, ही गोष्ट मला त्या क्षणी, खटका दोन्ही हातांनी ओढत असताना कळली. फेअरलीड दोन बोल्टांवर बसते, ती काढली की ताण जाईल, हे आप्पांनीच सांगितले, मी नाही. आवाज न चढवता, खत कुठल्या खाचरात टाकायचे ते सांगावे तसे त्यांनी सांगितले. एका बोल्टाला तेराचा पाना बसला. दुसऱ्याला बसेना. त्या गॅरेजमधल्या कोणा कारागिराने हाताला लागला तो बोल्ट घातला होता, वेगळ्या मापाचा, डोके झिजलेला, आणि मी पावसात गुडघ्यांवर बसून एकामागून एक पाने लावून पाहत होतो. शेवटी त्याच पक्कडीने तो सुटला. पौडमार्गे पुण्यात आणून दोन बोटांपैकी एक वाचले. मधल्या बोटाचे वरचे पेर गेले.

कॉन्टॅक्टर मी नंतर उघडून पाहिला. आतले तांब्याचे दोन ठोकळे एकमेकांना वितळून चिकटले होते. तो डबा पुढच्या मडगार्डच्या खाली, चाकाने उडवलेला चिखल थेट येईल अशा जागी बांधलेला होता, आणि त्याच्या टर्मिनलांवर हिरवे चढले होते. बॅटरी अशक्त असेल आणि जोडण्या खराब असतील तर कॉन्टॅक्टरची पकड ढिली पडते, तो थरथरतो, ठोकळ्यांत ठिणग्या पडतात आणि ते चिकटतात. केबलवर सर्किट ब्रेकर नव्हता. वीज तोडण्याचा स्विच नव्हता. मी गॅरेजमध्ये जाऊन हे दाखवले तेव्हा मला उत्तर मिळाले की सगळे असेच बसवतात. ते बहुधा खरे असावे, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागले.

हुकाला एक लाल पट्टी असते, ती धरायची म्हणजे बोटे हुकात जात नाहीत, हे मला आता पाठ आहे, कृपया पुन्हा सांगू नका. पट्टी असती तर कदाचित पेर वाचले असते. ड्रम मात्र थांबला नसता, आणि मी अजूनही त्या न थांबलेल्या ड्रमविषयीच बोलतो आहे.

माझे आधीचे मत मला चांगले आठवते. आयुष्य बँकेत गेले. ज्याचे काम त्याने करावे यावर माझी इतकी श्रद्धा होती की घरातला नळाचा वॉशरही मी प्लंबरकडून बदलून घेत असे. तो जुना मी आजही माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो, तू लिफ्टमध्ये बसतोस तेव्हा तिची केबल तपासतोस का? डॉक्टरने दिलेले औषध घरी बनवतोस का? मी त्याला सांगतो की लिफ्टची सरकारी तपासणी होते, विंचेची कोणी करत नाही. त्यावर तो म्हणतो, मग तपासून घ्यायचे होते, स्वतः बसवायचे कशाला? येथे मी अडतो. तपासण्यासाठी जेवढे शिकावे लागले, तेवढ्यात बसवणेही आले, एवढेच मला म्हणता येते, आणि ते उत्तर पुरेसे नाही हे आम्हा दोघांनाही कळते.

घरी बसवताना काम फारसे अवघड गेले नाही, म्हणून त्याविषयी फार लिहीत नाही. गाडीच्या मॉडेलचीच माउंटिंग प्लेट घेतली, चासिसला एकही नवे भोक पाडले नाही. विंच २५०० पाउंडांची, म्हणजे सुमारे ११३० किलो ओढीची घेतली. वाहनाच्या भरल्या वजनाच्या निदान दीडपट असावी असा संकेत आहे आणि ती त्याहून बरीच अधिक भरते. पण तो आकडा ड्रमवरच्या अगदी खालच्या थराचा असतो, वर दोर जेवढा गुंडाळलेला तेवढी ओढ घटते, आणि चिखलात रुतलेली गाडी तिच्या वजनाला जुमानत नाही. लोखंडी वायररोपऐवजी सिंथेटिक दोर घेतला. त्यासाठी रोळांची फेअरलीड काढून गुळगुळीत ॲल्युमिनियमची लावावी लागते, नाही तर वायररोपने ओरखडलेले रोळ नवा दोर कातरतात. हे कारण मी सर्वांना सांगतो. ते रोळ मला गाडीवर नको होते, हे दुसरे कारण सांगत नाही.

वेळ गेला तो केबलवर. लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कड्या, तपकीर गल्लीतून आणले, प्रत्येक लग दाबल्यावर पाय टेकून जोराने ओढून पाहिला, एक निसटला तो कापून नव्याने केला. कॉन्टॅक्टर सीटखाली, कोरड्या जागी बसवला. केबल सायलेन्सरपासून दूर नेली, आणि हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवत प्रत्येक वेळी हात घालून पाहिले की ती कुठे ताणली जात नाही ना, कशावर घासत नाही ना. बॅटरीजवळ ब्रेकर घातला आणि त्याच्यापुढे हाताने फिरवायचा लाल कटऑफ स्विच, सीटच्या डाव्या अंगाला, बाहेरून दिसेल असा. बारीक तार चावीवर घेतली, पण तिच्यावर आता माझा भरवसा नाही. फेअरलीडचे दोन्ही बोल्ट एका मापाचे आहेत आणि तेराचा पाना कटऑफच्या शेजारी क्लिपमध्ये अडकवलेला आहे. दोर ताणाखाली गुंडाळण्यासाठी टोक माझ्याच मोटारीला बांधले, पुतण्या आत ब्रेकवर अर्धा पाय ठेवून बसला, आणि मोटार पार्किंगमधून हळूहळू ओढली जाताना पाहून सचिव खाली आले. पुढचे संभाषण येथे देण्याजोगे नाही.

आप्पांना कटऑफ दाखवला. त्यांनी उजव्या हाताने, त्याच हाताने, तो दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे आधी का नव्हतं?" माझ्यापाशी गॅरेजचे नाव होते, ते मी घेतले नाही. ते आता विंच वापरतात, पण दोर गुंडाळताना हुक मी धरतो आणि बटण त्यांच्याकडे असते. ही मागणी त्यांची नव्हती. त्यांना ती आवडली की नाही, हे त्यांच्या बोलण्यातून मला अजून उमगलेले नाही.

अलीकडे खालच्या खाचरवाल्या शेजाऱ्यांनी त्यांच्या जीपला विंच बसवून द्याल का, असे विचारले. मी नाही म्हणालो. त्यांच्या गाडीचे वायरिंग मला ठाऊक नाही, असे कारण दिले. "अहो, तुमचं तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?" असे ते म्हणाले, आणि त्यांचे बरोबर होते. त्यांनी जीप पिरंगुटच्या एका गॅरेजात दिली. ब्रेकर, कटऑफ, कॉन्टॅक्टरची जागा आणि बोल्टांचे माप इतके मी एका कागदावर लिहून त्यांच्याजवळ दिले आहे. जीप परत आली की सीट उचलून पाहायला ते मला बोलावणार आहेत.