कागद हिरवा, गाडी डावीकडे

सकाळी सहाला इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर क्षणभर स्टिअरिंगवरची बोटं सैल केली, आणि तीन आठवड्यांची नवी गाडी गुपचूप डावीकडे निघाली. शेजारी बाबा. "अरे, हिला तिकडून कुणी हाक मारतंय का?"

पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, थोडी ओढ चालतेच. पण ही तीन-चार सेकंदांत लेन सोडते!

सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, झालं होतं. दोन्ही प्रिंटआउटवर सगळे आकडे हिरवे. "सर, गाडी परफेक्ट है."

शेवटी मालवा मिलजवळच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने हवा पाहिली, दोन्हीकडे ३३. रिमला हात लावला. ब्रेक चिकटत असेल तर ते चाक जास्त तापतं, तसं नव्हतं. मग पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल केली. (टायरवर दिशेचा बाण असेल तर हे करू नका.)

चक्कर मारली. गाडी आता उजवीकडे!

म्हणजे दोष टायरच्या घडणीतच. टायर किंचित शंकूसारखा झाला की एका बाजूला ओढतो. अलाइनमेंटचं यंत्र चाकांचे कोन मोजतं, त्याला हे कुठून दिसणार?

मी प्रिंटआउट पुढे केला. त्याने हिरव्या आकड्यांवर काळा अंगठा टेकवला. "भिया, ये तो गाडी खडी थी तब का है."

तेच डोक्यात घोळतंय. मुलीचं प्रगतिपुस्तक, बाबांचे रिपोर्ट... उभ्या गाडीचे किती कागद वाचतो आपण.

उद्या तोच अंगठेवाला कागद घेऊन वॉरंटी मागायला जातोय. नव्या गाडीचा टायर कुणाला बदलून मिळालाय का हो?