ढाबळ अपडेट: पिल्लू २१ दिवसांचं, एकट्या बापानं वाढवलेलं

मंडळी, लई दिवसांनी लिहालोय. इकडं खानापुरात पाऊस नुसता कोसळालाय, शाळू आणि मक्याला बुरशी लागू नये म्हणून डबे चुलीपाशी आणून ठेवलेत. पण बातमी चांगली हाय, कबुतराचं पिल्लू जगलंय.

आधी मागच्या वेळचं सांगतो. उन्हाळ्यात दोन दिवसांचं पिल्लू अशक्त वाटलं म्हणून मक्याचं पीठ कोमट पाण्यात कालवून सिरिंजनं भरवलं, गळ्याची पिशवी टम्म फुगली ती खाली उतरलीच नाही, आंबूस वास सुटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर गेलेलं. अजून मनातनं जात नाही ते. एवढ्या कोवळ्या आतड्याला पिठूळ अन्न झेपत नाही, त्याला कबुतराचं दूधच लागतंय. म्हणजे गाईचं असतंय तसलं नव्हे, त्यात साखर जवळजवळ नसतीच. अंडी फुटायच्या दोनेक दिवस आधीपास्नं आईबापाच्या गळ्यातल्या पिशवीचं अस्तर जाड होतंय, त्याच्या पेशी चरबी-प्रोटीननं भरून सुटायला लागत्यात, तेच पनीरच्या चुऱ्यासारखं पिल्लाच्या चोचीत जातंय. आणि हे नरालापण येतंय! प्रोलॅक्टिन, म्हणजे हे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, दोघांच्याबी अंगात वाढतंय.

मला ह्याची किंमत ह्यावेळी कळली, कारण सहाव्या दिवशी बोक्यानं मादी नेली. मी हातात सिरिंज घेतली होती खरं, पण मागचं आठवलं आणि ठेवून दिली. रात्री ऊब कमी पडू नये म्हणून तेवढा बल्ब लावला, बाकी सगळं नरावर सोडलं. तो दर थोड्या वेळानं येऊन भरवायचा, बघत बसलो की वेळ कळायचा नाही.

नवव्या दिवशी पिशवी बोटानं हळूच चाचपली तर आत दाणे लागले, दुधात धान्य मिसळून द्यायला सुरुवात झालेली. पण बाराव्या दिवशी विष्ठेत शाळूचे अख्खे दाणे दिसले. कबुतराला दात नाहीत, आधी ग्रंथींच्या जठरात आम्ल आणि पेप्सिन (प्रोटीन पचवणारा रस) मिसळतंय, मग पुढं पेट्यात, म्हणजे कोंबडीचा आपण खातो तोच जाड स्नायूचा पेटा, तिथं खड्यांवर दाणा भरडला जातोय. दाणा फुटलाच नाही तर आतडं शोषणार तरी काय? नदीची जाड वाळू धुवून ठेवली, शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. शिंपला आम्लात विरघळून कॅल्शियम देतोय, भरडायला टिकून राहणारी वाळूच पायजे. बापानं वाळू टिपली, दाण्यांबरोबर ती पिल्लालाबी गेली असणार, कारण चार दिवसांत अख्खे दाणे बंद.

आज वजन २८५ ग्रॅम, पंखाखाली अजून पिवळी लव हाय. दाणे स्वतः टिपायला बघालंय पण निम्मे सांडतंय. पाच आठवडे होईपर्यंत बापापास्नं वेगळं करणार नाही. ढाबळीच्या जाळीला दुसरा थर कालच मारला.